क्लच पेडल खाली बसतंय, दोन-तीनदा दाबल्यावर गिअर पडतो. क्लच सेट बदलावा का?

नका बदलू, निदान आत्ता तरी.

तुम्ही लिहिलंय की कोकणातून परत येताना करूळ घाटात पेडल ढिलं पडलं, पहिला आणि रिव्हर्स गिअर पडेना, पटापट दोन-तीनदा दाबल्यावर पडायला लागला. आता कोल्हापुरातले मेस्त्री प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा सगळा सेट टाकायला सांगतायत. मी उद्यमनगरात गाड्यांचंच काम करतो, आणि तुमच्या लिहिण्यातलं 'दोन-तीनदा दाबल्यावर' हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. झिजलेली प्लेट पेडल पंप करून सुधारत नाही. पंप केल्यावर फरक पडतो याचा अर्थ दोष बहुतेक तेलाच्या बाजूला आहे, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणाऱ्या ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये. एकतर लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर सिलेंडरचं रबर दाब धरत नाहीये.

प्लेट संपली की लक्षण उलटं असतं. चढाला इंजिन आवाज करतं, आरपीएम वर जातो, पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो. गिअर मात्र व्यवस्थित पडतात. तुमच्याकडे क्लच पकडतोय, पण पूर्ण सुटत नाहीये. याची खात्री घरीच करा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना अलगद पडत असतील आणि चालू केल्यावर अडत असतील, तर क्लच सुटत नाही हे नक्की. बंद असतानाही घट्ट असतील तर गिअरची केबल किंवा गिअरबॉक्स बघायला हवा, मग माझं पुढचं सांगणं तुमच्या कामाचं नाही.

आता तेल. बहुतेक गाड्यांत क्लचला वेगळी टाकी नसते, ब्रेक ऑइलच्याच टाकीतून नळी निघते, आणि तीही बऱ्याचदा तळातून नव्हे, जरा वरून. क्लच गळला तरी ब्रेकसाठी तेल शिल्लक राहावं म्हणून तशी सोय केलेली असते. म्हणून टाकीत तेल दिसतंय एवढ्यावर थांबू नका. पातळी खाली गेली असेल तर क्लचच्या लाइनमध्ये हवा शिरलेली असू शकते.

तेल कमी झालं असेल तर गेलं कुठं ते शोधा. पेडलच्या वर, दांडी जिथं मास्टर सिलेंडरात (पेडलच्या जोरानं तेल ढकलणाऱ्या सिलेंडरात) जाते तिथं बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर गळतोय. मग गाडीखाली, गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलेंडर असतो, त्या तेलाच्या दाबानं क्लच सोडवणारा, त्याचा रबरी बूट हळूच मागे सरकवा. आत तेल साचलेलं असेल तर स्लेव्ह गेला.

कुठंच ओलं नाही आणि पातळीही बरोबर, हा प्रकार जास्त फसवा, आणि बिनकामाचे क्लच सेट याच ठिकाणी बदलले जातात असं माझं मत आहे. मास्टरचं आतलं रबर झिजलं की तेल बाहेर न येता पिस्टनच्या बाजूनं परत टाकीकडे सरकतं. सपाट, मोकळ्या जागेत, पुढं कोणी नसताना इंजिन चालू करून पहिला गिअर टाका, पेडल पूर्ण दाबून तसंच धरा, दुसरा पाय ब्रेकजवळ ठेवा. थोड्या वेळानं गाडी आपोआप पुढं सरकायला लागली आणि गळती कुठंच नसेल, तर पहिला संशय मास्टरवर.

स्लेव्ह बाहेर असेल तर आणखी एक तपासणी करा. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं स्लेव्हची दांडी किती सरकते ते बघायचं. दांडी कंपनीनं दिलेल्या मापाएवढी सरकूनही क्लच सुटत नसेल, तर मात्र मेस्त्रींचं बरोबर, दोष आत आहे. कमी सरकत असेल तर गिअरबॉक्स उतरवायची घाई करू देऊ नका. त्याच वेळी रबरी होज फुगतोय का तेही बघा.

घाटातच का झालं, तर ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं मात्र १५५ च्या आसपासही उकळू शकतं. चढाला सारखा क्लच वापरला, खालून उष्णता लागली की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. गार झाल्यावर परत ठीक. तेल काळं पडलं असेल तर आधी तेच बदलून लाइनमधली एअर, म्हणजे हवा, काढा. टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच तेल घाला. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबरं फुगून दोन्ही सिलेंडर जातील. एअर काढताना पेडल वर सोडण्याआधी निप्पल (स्लेव्हवरचा हवा सोडायचा छोटा स्क्रू) बंद व्हायला हवा, आणि टाकी मधेच रिकामी होता कामा नये. एअर काढूनही चार दिवसांत पेडल पुन्हा ढिलं पडलं, तर कुठलं तरी रबर गेलंय. मग नुसती एअर काढत बसू नका, तो सिलेंडर बदला.

काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच, बेअरिंगसोबत असतो. तो गळला की बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कव्हरच्या, खालून तेल ठिबकतं, आणि गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. तसं असेल तर प्लेट डोळ्यांनी बघा, झिजली असेल किंवा तेलानं भिजली असेल तर त्याच मजुरीत बदलून घ्या.

तोवर ती गाडी घाटात नेऊ नका. मॉडेल आणि स्लेव्ह आत आहे की बाहेर हे कळवलंत तर पुढचं सांगतो.