गावच्या प्रश्नासाठी ऑनलाइन याचिका काढली, तर ग्रामपंचायतीला दखल घ्यावी लागते का?

आपण ठाण्यात राहता, गाव दापोली तालुक्यात आहे, आणि गावच्या पुळणीवर साचणाऱ्या कचऱ्याविरुद्ध ऑनलाइन याचिका काढली तर ग्रामपंचायतीला तिची दखल घ्यावी लागेल का, असे आपण विचारले आहे. कायद्याने पाहिले, तर नाही. एखाद्या खासगी संकेतस्थळावर अमुक इतक्या सह्या जमल्या की तो विषय ग्रामपंचायतीने सभेपुढे आणलाच पाहिजे, असा नियम महाराष्ट्रात नाही. तरीही याचिका काढू नका, असे मी म्हणणार नाही. सह्या कोणाच्या आहेत आणि त्या कोणाच्या टेबलावर कोणत्या रूपात पोहोचतात, एवढे सांभाळले तर तिचा उपयोग नक्की होतो.

काही देशांत सहीला कायद्यानेच वजन दिलेले आहे. फिनलंडमध्ये नगरपालिका क्षेत्रातील किमान 2 टक्के रहिवाशांनी मागणी केली, तर नगरपालिकेला ती सहा महिन्यांच्या आत विचारात घ्यावी लागते, आणि अशी मागणी नोंदवण्यासाठी तेथे सरकारी संकेतस्थळही आहे. इंग्लंडमध्ये 2009 च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर ऑनलाइन याचिका स्वीकारण्याचे बंधन घातले होते; 2011 च्या कायद्याने ते काढून टाकले.

आपल्याकडेही सहीला कायद्याचे बळ असलेले एक उदाहरण आहे आणि ते मला सर्वांत बोलके वाटते. गावातील दारूचे दुकान बंद करायचे असेल, तर 2008 च्या आदेशानुसार 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन उत्पादन शुल्क विभागाकडे द्यायचे, विभागाने त्या सह्या पडताळायच्या आणि मग गुप्त मतदान घ्यायचे. उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद), हे मतदान महाराष्ट्रातील अनेक गावांनी पाहिले आहे. त्या सह्यांपुढे सरकारी यंत्रणेला हलावे लागते, कारण किती सह्या हव्यात हे ठरलेले असते आणि सही करणारी प्रत्येक बाई मतदार यादीत सापडते. ऑनलाइन याचिकेत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

मी मालवण तालुक्यातील एका किनारी गावात राहतो. आमच्याकडे खाडीच्या धक्क्याजवळ कचरा टाकला जात असे, म्हणून काही तरुणांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या आणि त्यांची छापील यादी ग्रामपंचायतीत नेली. ग्रामसेवकांनी ती परत केली नाही. कपाटातून मतदार यादी काढली आणि एकेका नावावर बोट ठेवत दोन्ही याद्या शेजारी शेजारी पाहिल्या. बहुतेक सह्या मुंबई-पुण्याच्या होत्या, काही नावांना आडनावच नव्हते आणि एक सही तर नुसती ‘कोकणप्रेमी’ अशी होती. पुढे त्याच तरुणांनी वाडीवार तक्ते केले: पूर्ण नाव, वाडी, मतदार यादीतील अनुक्रमांक आणि सही. ते तक्ते निवेदनाला जोडल्यावर विषय ग्रामसभेच्या पत्रिकेवर आला आणि कचरा गोळा करणाऱ्या गाडीचा ठराव झाला. ऑनलाइन मोहीम वाया गेली, असे मात्र नव्हे. तक्ते घेऊन कोणी फिरायचे, ती माणसे तिच्यामुळेच एकत्र आली होती.

आपल्यासारख्या चाकरमान्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली व्यक्ती. आपले नाव ठाण्याच्या यादीत असेल, तर गावात घर, कलमांची बाग आणि सातबारावर नाव असूनही ग्रामसभेत आपल्याला मत नाही. म्हणून बाहेरगावी राहणाऱ्या ग्रामस्थांच्या सह्या वेगळ्या पानावर घ्या आणि वर तसे लिहा. मतदारांच्या सह्यांत त्या मिसळल्या की सगळ्याच यादीवर शंका येते. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, एवढीच आहे. साध्या गावात शंभर माणसे जमवणे हे हजार ऑनलाइन सह्यांपेक्षा जास्त परिणामकारक ठरते. 1 मेच्या सुमारास ग्रामसभा होते आणि तेव्हा मुंबईकर मंडळी सुट्टीला गावात असतात. घरोघरी जाऊन लोकांना सभेला यायला सांगण्यासाठी याहून चांगला काळ नाही.

निवेदन कोणाच्या नावे लिहायचे, हेही आधी पक्के करा. पुळणीवरचा कचरा हा ग्रामपंचायतीचा विषय आहे. धूपप्रतिबंधक बंधारा हवा असेल, तर ग्रामपंचायत फक्त ठराव करून देऊ शकते. काम पत्तन विभागाचे, म्हणजे बंदरे व किनाऱ्याची कामे पाहणाऱ्या सरकारी विभागाचे आहे. प्रत कितीही जणांना पाठवा, पण मागणी एकाच अधिकाऱ्याकडे आणि एकच असावी. निवेदन प्रत्यक्ष द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. महिनाभरात काहीच हालचाल झाली नाही, तर त्या क्रमांकाचा उल्लेख करून निवेदनावर काय कार्यवाही झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रारही करता येते. लोकशाही दिनाला मात्र हा विषय नेऊ नका, तेथे वैयक्तिक स्वरूपाची गाऱ्हाणीच घेतली जातात.

एका ठिकाणी मात्र ठाण्यात बसून केलेली खटपट गावातल्या माणसाइतकीच मोलाची ठरते: शासन जेव्हा एखाद्या मसुद्यावर हरकती व सूचना मागवते तेव्हा. 2020 मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याच्या नियमांच्या, मसुद्यावर देशभरातून लाखो हरकती ई-मेलने गेल्या. त्या मसुद्यात जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत 30 दिवसांवरून 20 दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता, आणि किनाऱ्यावर येणाऱ्या प्रकल्पांमुळे कोकणाला तो फार जवळचा विषय होता. अशा वेळी सामूहिक याचिकेवर सही करून थांबू नये. प्रत्येकाने आपल्या नावाने, आपल्या गावच्या तपशिलासह आणि मुदतीच्या आत स्वतंत्र हरकत पाठवावी.