'सहिष्णुता' आणि 'समभाव'

ऐरोलीच्या एका शिक्षिकांनी विचारलं आहे: "२ ऑक्टोबरच्या भाषणात विद्यार्थिनीने 'गांधीजी सर्व धर्मांबाबत सहिष्णू होते' असं लिहिलं. सहकाऱ्यांनी ते खोडून 'गांधीजी सर्वधर्मसमभाव मानत' असं केलं. अर्थामध्ये काही फरक पडतो का?"

पडतो, आणि तो खुद्द गांधीजींनीच केलेला आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून ते दर मंगळवारी आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहीत. सगळ्या धर्मांना समान मानण्याच्या व्रताच्या नावापाशी ते अडले. 'सहिष्णुता' हा शब्द त्यांना रुचत नव्हता. त्यांचे सहकारी काकासाहेब कालेलकरांनी (जन्म आपल्या साताऱ्याचा) 'सर्वधर्म-आदर' सुचवला, तोही पटला नाही. सहन करायचं म्हटलं की दुसऱ्याचा धर्म उणा हे आधीच धरून चाललो, आणि आदरात मेहेरबानीची छटा येते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून 'समभाव'. सगळे धर्म खरे, पण माणसाच्या हाती आल्यामुळे सगळेच अपुरे, आपलाही. हा विचार त्या शब्दामागे आहे.

'सहिष्णु'त 'सह्' धातू आहे, सोसणे. पुढचा 'इष्णु' प्रत्यय शिवरायांच्या राजमुद्रेतल्या 'वर्धिष्णु'त दिसतो तोच. वाढत जाणारा तो वर्धिष्णू, सोसत राहणारा तो सहिष्णू. आणि सोसायचा असतो तो त्रास.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं सिनेगॉग आहे. माझं लहानपण त्याच भागातलं. शेजारच्या बेने इस्रायली काकूंकडून मलिद्याची ताटली यायची: भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, केळ्याचे काप. ताटली रिकामी परत करायची नाही, हा आईचा दंडक. मग त्याच ताटलीतून संक्रांतीचे लाडू किंवा नारळाची वडी जायची. या देवाणघेवाणीला 'सहिष्णुता' म्हणायला माझी जीभ आजही वळत नाही.

ओघाने आणखी एक. गांधीजींच्या आश्रमाची एकादश म्हणजे अकरा व्रतं विनोबांनी पद्यात बांधली, त्यांत 'सर्वधर्मी समानत्व' येतं. पुष्कळ जण ते 'सर्वधर्मीय' असं वाचतात. ते विशेषण नाही. 'घरी', 'दारी' सारखी ती सप्तमी आहे: सर्व धर्मांच्या ठायी समानत्व. पाठ करून घेताना मुलींना एवढं जरूर सांगा.

तेव्हा सहकाऱ्यांची दुरुस्ती योग्य. मात्र लांब समास मुलीच्या तोंडी अडखळत असेल, तर 'गांधीजींच्या मनात सर्व धर्मांविषयी समभाव होता' असं सुटं लिहू द्या. 'सहिष्णुता' टाकाऊ नाही. टीका ऐकून घेणाऱ्या, विरोधी मत सोसणाऱ्या माणसाला 'सहिष्णू' जरूर म्हणावं. शुद्धलेखन तेवढं सांभाळा: 'सहिष्णू' दीर्घ, 'सहिष्णुता' ऱ्हस्व.