डिस्क ब्रेक घासतोय? आधी चाक बघा

प्रश्न : माझ्या एमटीबीला (डोंगरी सायकलला) वायरवाले डिस्क ब्रेक आहेत. पंक्चरसाठी मागचं चाक काढलं आणि परत लावल्यापासून यवतेश्वरचा घाट चढताना सतत घासल्याचा आवाज येतो. वायर ढिली केली तर आवाज थांबतो, पण मग उतरताना ब्रेकच लागत नाही. काय करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वायर होती तशी परत ताणून घ्या, दोष तिच्यात नाही. चाक काढल्यानंतरच आवाज सुरू झाला असेल, तर दहातल्या आठ वेळा ॲक्सल (चाकाचा आस) फ्रेमच्या खाचेत तिरका बसलेला असतो. सायकल उलटी करून चाक लावलं की हे हमखास होतं. सायकल चाकांवर उभी करा, क्विक रिलीज (चाक आवळणारी लिव्हर) सोडा, सीटवर हाताने दाब देऊन ॲक्सल दोन्ही बाजूंनी खाचेत पूर्ण टेकू द्या आणि मग लिव्हर बंद करा. बंद करताना ती अर्ध्या वाटेवर जड व्हायला लागली पाहिजे. बोटाने सहज बंद होत असेल तर ती ढिली आहे.

एवढ्याने भागलं नाही, तर चाक उचलून हळू फिरवा आणि कान द्या. एका फेऱ्यात एकदाच ‘खर्र’ होत असेल तर डिस्क आऊट (वाकडी) आहे. अखंड आवाज असेल तर कॅलिपर (डिस्कवर बसणारा ब्रेकचा चिमटा) किंवा त्यातल्या पॅडची जागा चुकली आहे. हा फरक न करता पाना हातात घेतला की अर्धा दिवस जातो.

अखंड आवाजाचा इलाज पुढीलप्रमाणे. वायरच्या बहुतेक स्वस्त कॅलिपरमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो. तो डिस्कला किंचित वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. म्हणून आतला पॅड डिस्कच्या अगदी जवळ, पण न टेकता हवा. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट (बहुधा ५ मिमी ॲलन) एकेक फेरा ढिले करा. चाकाच्या तारांच्या बाजूने आतल्या पॅडचा स्क्रू असतो, तो फिरवून पॅड डिस्कला जेमतेम टेकवा. आता ब्रेकची लिव्हर घट्ट आवळून धरा (एकटे असाल तर हँडलला रबरबँडने बांधा) आणि बोल्ट आलटून पालटून, पाव-पाव फेऱ्याने आवळा. एकच बोल्ट एकदम आवळला तर कॅलिपर त्याच्यासोबत फिरतो आणि सगळी मेहनत वाया. शेवटचा ताण ६ ते ८ न्यूटन-मीटर. लिव्हर सोडून आतला पॅड किंचित मागे घ्या. कॅलिपरमागे पांढरा कागद धरून समोरून पाहिलंत तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक फट दिसली पाहिजे.

पॅड झिजले म्हणून फक्त वायर ताणत राहणं, ही दुकानांतलीही सवय वाईट. कॅलिपरचा हात आधीच अर्धा वर गेलेला असतो, मग खऱ्या ब्रेकिंगसाठी त्याला जागाच उरत नाही. पॅडवरचा घासणारा मसाला अर्धा मिमी उरला की पॅड बदला. कासच्या बाजूला पावसात लाल मातीचा चिखल पॅडमध्ये बसतो आणि ते झपाट्याने झिजतात, तेव्हा पावसाळ्यात दर आठवड्याला नजर टाका.

डिस्क आऊट असेल तर कॅलिपरमधून ती नेमकी कुठे घासते तिथे मार्करने खूण करा. स्वच्छ पुसलेल्या ॲडजस्टेबल पान्याने तिथेच, विरुद्ध दिशेला, अगदी थोडी वाकवा आणि लगेच तपासा. डिस्क गरम असताना हात लावू नका, घाट उतरल्यावर ती चटका देते. नवी डिस्क साधारण १.८ मिमी जाड असते; १.५ च्या खाली गेली की सरळ करत बसू नका, बदला.

प्रश्न : हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) ब्रेक आहे. पसरणी घाट उतरून वाईत पोचेपर्यंत पॅड डिस्कला धरून राहतात, थंड झाल्यावर सुटतात. का?

उत्तर : पॅड झिजलेले असताना कुणीतरी तेल भरून ब्रेकच्या लिव्हरमधली टाकी काठोकाठ केलेली असते. नंतर नवे, जाड पॅड बसले की पिस्टन (पॅड ढकलणारे दट्टे) मागे सरतात आणि तेल जास्त होतं. उतारावर तापून ते फुगतं, जाणार कुठे? ब्रेकची लिव्हर जमिनीला समांतर करा, तिच्यावरचा ब्लीड स्क्रू (टाकीच्या तोंडाचा स्क्रू) काढा, खाली फडकं धरा. चाक आणि पॅड काढून प्लास्टिकच्या टायर लिव्हरने दोन्ही पिस्टन सावकाश आत दाबा. जास्तीचं तेल वर येईल ते पुसून स्क्रू लावा. चाक बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतात. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट तेल (ब्रेक ऑइलचा दुसरा प्रकार) घालू नका (उलटंही नाही), सील फुगून बाद होतात.

एकच पिस्टन आळशी (नीट न सरकणारा) असेल तर तो थोडा बाहेर आणून इअरबडला त्याच ब्रेकचं तेल लावून कडेने पुसा, परत आत ढकला. दोन-तीनदा केल्यावर बहुतेक मोकळा होतो.

प्रश्न : आवाज जावा म्हणून डिस्कवर गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारला. आता ब्रेक लागतच नाही.

उत्तर : ती सायकल घेऊन घाटात जाऊ नका. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी नवं फडकं घेऊन पुसा. पॅडमध्ये तेल मुरतं. पॉलिश पेपरवर घासून वरवर मुरलेलं निघेल, खोलवर गेलेलं नाही. नवी जोडी घ्या. बसवल्यावर सपाट रस्त्यावर मध्यम वेगात जाऊन, थांबण्याच्या बेतात येईपर्यंत ब्रेक दाबायचा, असं वीस-एक वेळा करा.