डिझेल अँबेसिडर घ्यायची म्हणतोयस तर आधी हे वाच

अरे, फोटो बघितले. 1988 ची डिझेल अँबी, पांढरी, गोल नाकाची, मन जाणारच, माझंही गेलं होतं. पण टोकन देऊ नकोस अजून.

पहिलं म्हणजे इंजिन थंड असताना बघ. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून जी उष्णता होते त्यावरच डिझेल पेटतं, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब मिळत नाही आणि सकाळी गाडी सुरू व्हायला रडते. मी माझी पहिली घेतली तेव्हा मालकाने आधीच गरम करून ठेवलेली, अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली, मी खूश, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारा) तापवून तापवून बॅटरी बसली पण गाडी काही उठली नाही. म्हणून बॉनेटवर हात ठेव, कोमट लागलं तर सरळ परत ये. सुरू झाली की ऑइल भरायचं झाकण उघडून बघ, तिथून भकाभका धूर आला तर इंजिनकाम धरूनच भाव कर.

इंजिन तरी बांधता येतं रे, सडलेला पत्रा मात्र पैसे खातच राहतो. अँबीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे दाराखालचा पत्रा आणि मागच्या कमान्या (स्प्रिंगचे पाटे) जिथे बसतात ती जागा खाली झोपून बघ. वर रंग चकचकीत आणि आत भोकं बुजवलेली नुसती पुट्टी असं खूप असतं.

कागदांचं पण नीट बघ. 15 वर्षांनंतर आरसी दर 5 वर्षांनी रिन्यू करावी लागते, ती झालीय का, इंजिन नंबर जुळतो का. व्हिंटेज म्हणून नोंदवू असं कोणी म्हणालं तर त्याला 50 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे ही 2038 ला. आणि दिल्लीकडे न्यायचा विचार असेल तर सोड, जुन्या डिझेलवरून तिथे वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालू आहेत.

रोज ऑफिसला न्यायला घेत असशील तर नको घेऊस, मनापासून सांगतो. 1489 सीसीचं हळू इंजिन आहे, घाटात मागे रांग लागते. रविवारी काढायची, स्वतः हात काळे करायचे, असं असेल तर मात्र हिच्यासारखी गाडी नाही, सगळं उघडं, पान्याने खोलता येतं.

मालकाला सांग, शनिवारी रात्रीपासून चावी लावू नको. रविवारी सकाळी सातला मी येतो, पुट्टी बघायला लोहचुंबक आणतो, तू टॉर्च आण.

तुझा काका