‘काही झालंच, तर वेळेत कोणाच्या लक्षात येईल का?’

आठवा महिना लागलेली पहिलटकरीण ताई, सोबत नवरा आणि सासूबाई. मोठ्या जावेला बाळंतपणानंतर खूप रक्त गेलं होतं, पिशव्या चढवाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून ताईने धास्ती घेतलेली. नवऱ्याने घराजवळचं नर्सिंग होम पक्कं केलं होतं. खोल्या स्वच्छ, एसी, नातेवाइकाला झोपायला वेगळा पलंग. जिल्ह्याच्या रुग्णालयात गर्दी फार, म्हणून सासूबाईंना ते नको होतं. ताईचं मात्र एकच विचारणं होतं: ‘मला तसं झालं, तर वेळेत कोणाच्या लक्षात येईल का?’

हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. ‘काही होत नाही, मनातून काढून टाक’ असं उत्तर देणं चूक आहे, कारण भीतीला आधार आहे. रक्तस्राव कोणाला होईल हे आधी नक्की सांगता येत नाही. तो लवकर ओळखून थांबवण्याची तयारी मात्र ठेवता येते.

वार पडल्यावर गर्भाशय आकसून दगडासारखं घट्ट झालं की तिथल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते सैल राहिलं तर रक्त वाहत राहतं. बहुतेक वेळा कारण हेच असतं. भरलेलं मूत्राशयही गर्भाशयाला आकसू देत नाही, म्हणून बाळंतिणीला लघवीला नेणं हा उपचाराचाच भाग. बाळ जन्मल्यावर मिनिटभरात गर्भाशय आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनची १० युनिट्स इंजेक्शनने मांडीत दिली जातात. हे औषध २ ते ८ अंशांत फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. उन्हाळ्यात ट्रेवर तासन्‌तास पडून राहिलेली कुपी ऐन वेळी दगा देऊ शकते.

घोळ होतो तो अंदाजात. रक्त चादरीत, कापसात मुरतं, गर्भजलात मिसळतं, आणि ‘फार नाही गेलं’ म्हणता म्हणता ५०० मिलीच्या पुढे जातं. मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावली की अंदाजाचं काम उरत नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी पिशवी आणि लगोलग एकत्र द्यायचे उपचार (पोटावरून गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी) यांमुळे गंभीर रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी घटले. यातली औषधं महागडी नाहीत.

मग हॉस्पिटलमध्ये विचारायचं काय, ते तिघांनी मिळून लिहून घेतलं. रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये प्रशिक्षित सिस्टर असते का? बाळंतपणानंतर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशय आणि पॅड कोण बघतं, कुठे लिहितं? गेलेलं रक्त मोजता कसं? भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून आणता? यात उद्धटपणा काही नाही. चांगली सिस्टर अशा प्रश्नांना आनंदाने उत्तर देते.

नर्सिंग होममध्ये कळलं की रक्तपेढी दुसऱ्या गावाला, तासाभराच्या अंतरावर. रात्री सिस्टर एकच, तीही दोन मजल्यांना मिळून. सरकारी रुग्णालयात रक्तपेढी आवारातच होती. प्रसूतिकक्षाला ‘लक्ष्य’चं प्रमाणपत्र होतं, केंद्र सरकारचा हा कार्यक्रम २०१७ सालचा, प्रसूतिकक्ष आणि प्रसूतीच्या शस्त्रक्रियागृहाचा दर्जा तपासणारा. (खासगी दवाखान्यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाचं ‘मान्यता’ नावाचं प्रमाणपत्र आहे.) प्रमाणपत्र पाहिलं तरी प्रश्न विचारायचेच. इथे दोन तासांच्या नोंदीचा कागद सिस्टरने स्वतः काढून दाखवला, आणि आमच्या मते प्रमाणपत्रापेक्षा त्या कागदाचं वजन जास्त.

सासूबाईंची गर्दीबद्दलची काळजी खोटी नव्हती. पण प्रसूतीच्या वेळी सोबतीण आत राहू शकते, हे कळल्यावर त्यांनीच ती जागा मागितली. त्यांना नेमकं काम सांगितलं: पॅड पाच मिनिटांत भिजला, मोठ्या गाठी पडल्या, सून घामेजली किंवा ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ म्हणाली, तर ‘थोडं तर जातंच’ म्हणून थांबायचं नाही, ताबडतोब सिस्टरला पलंगापाशी आणायचं. बाळाला पहिल्या तासात छातीशी घ्यायला मदत करायची.

राहिला ताईचा स्वतःचा वाटा. तिचं हिमोग्लोबिन ९.४ होतं, ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. मळमळतं म्हणून लोहाच्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. अंगात आधीच रक्त कमी असेल तर थोडंसं जाणंही झेपत नाही, हे तिला कोणी समजावलंच नव्हतं. गोळी रात्री जेवणानंतर, चहा-दुधासोबत नाही, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर, असं ठरवून दिलं. दिवस थोडे राहिल्याने लोह शिरेतून द्यायचं का, ते विचारायला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तगट माता-बाल कार्डावर ठळक लिहून घेतला. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे दोन्ही क्रमांक नवऱ्याने फोनमध्ये साठवले, आणि नर्सिंग होमची खोली त्याने स्वतःच रद्द केली.