ओट्याचं नंतर, आधी ती 'एफडी' बाहेर काढा

'पुण्यात धायरीला भाड्यानं राहतो. भाडं 18 हजार. ओटा कडप्प्याचा, पार झिजलाय. कडेचे टवके उडालेत, सिंकपाशी फट पडून झुरळं होतात. मी रोज 15 डबे करते. मालक म्हणतात, तुमच्या खर्चानं ग्रॅनाइट टाका, भाड्याचं पुढे बघू. 45 हजार सांगितलेत. बँकेतल्या मॅडमनी दोन वर्षांपूर्वी एफडी करून दिलीय : वर्षाला 96 हजार, 12 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी 22 लाख. तिच्यावर कर्ज काढू का? मिस्टरांचा पगार 65 हजार, मुलगा सहावीत.'

ताई, दरवर्षी 12 वर्षं हप्ता भरायला लावते ती एफडी नव्हे. ती विम्याची पॉलिसी आहे. कपाटातला पॉलिसीचा बाँड काढा आणि विमा रक्कम किती लिहिलीय ते वाचा. बहुधा हप्त्याच्या दहापट, म्हणजे 9 लाख 60 हजार असेल. उद्या मिस्टरांचं काही बरंवाईट झालं, तर हा त्यांचा 15 महिन्यांचा पगार. मुलगा सहावीत आहे म्हणता. आणि विमा त्यांच्याच नावावर आहे ना, तेही बघा. अशा पॉलिसी बायकोच्या नाहीतर मुलाच्या नावावर काढलेल्याही मी पाहिल्यात.

अशा पॉलिसी 'दामदुप्पट' म्हणून विकतात, ते आता बघू. भरणार साडेअकरा लाख, मिळणार 22. ऐकायला छान. पण तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेचौदा वर्षं अडकून पडतो. 72 ला पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी भागलं की साधारण व्याजदर कळतो. साडेचौदानं भागा : पाच टक्केसुद्धा धड नाहीत. हेच पैसे पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात, आजच्या 7.1 टक्क्यांनी 32 लाखांच्या आसपास गेले असते. शिवाय 22 लाख हमीचे आहेत की माहितीपत्रकात 8 टक्के परतावा धरून दाखवलेल्या रकान्यातले, हेही तपासा. तसं असेल तर शेजारचा 4 टक्क्यांचा रकाना वाचा. तो मॅडमनी दाखवला नसणार.

'आता दोन हप्ते गेले, सोडवत नाही,' असं म्हणाल. मग हा हिशेब बघा. भरलेल्या 1 लाख 92 हजारांतला एक रुपयाही परत आला नाही असं धरा. उरलेले दहा हप्ते पीपीएफमध्ये टाकले तरी त्याच मुदतीला साडेचोवीस लाख होतात. त्यातून मुदतीपर्यंत वर्षाला 12-15 हजार काढून मिस्टरांचा एक कोटीचा टर्म विमा (माणूस गेला तरच पैसे देणारा) घेतला, तर हातात 19-20 लाख उरतात. पॉलिसीपेक्षा दोन-अडीच लाख कमी; पण मधली सगळी वर्षं डोक्यावर एक कोटीचं छत्र. आणि पॉलिसी मधेच बंद केल्याचे, म्हणजे सरेंडरचे, काहीतरी मिळतीलच, दोन हप्त्यांनंतर निदान 30 टक्के, म्हणजे 57 हजार. ते पीपीएफमध्ये टाकले की ती तूटही बहुतेक भरून निघते. कंपनीकडे दोन आकडे लेखी मागा : आज बंद केली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर किती. आज मिळणारे पैसे पीपीएफमध्ये टाकून मुदतीला किती होतात ते काढा, मग ज्यात जास्त, ते करा. मात्र टर्म विम्याचा बाँड हातात येईपर्यंत जुनी बंद करू नका. वैद्यकीय तपासणीत काही निघालं तर मधल्यामध्ये उघडे पडाल.

कर्ज तर नकोच. ते सरेंडर किमतीपेक्षाही कमीच देतात, आणि तुमच्याच पैशावर व्याज तुम्हीच भरणार.

राहिला ओटा. तुमचा करार 11 महिन्यांचा असणार. 45 हजारांना 11 नं भागा, महिन्याला चार हजार. म्हणजे भाडं 18 चं 22 हजार झालं. सिमेंटात बसवलेला दगड जाताना टेम्पोत घालून नेता येत नाही. 'पुढे बघू' याला काडीची किंमत नाही. मालक खरंच तयार असतील तर नव्या करारात लिहून घ्या : दरमहा इतके वळते, इतके महिने. मग ग्रॅनाइट टाका, माझी हरकत नाही.

तोवर मिस्त्रीकडून कडप्प्याला मशीननं पॉलिश, टवक्यांत एपॉक्सी, सिंकच्या कडेनं सिलिकॉन. चार-पाच हजारांचं काम, डब्यांच्या पैशांतून निघेल. लिंबू-व्हिनेगरनं घासू नका आणि अ‍ॅसिड तर अजिबात नको. कडप्पा चुनखडीचा, आंबटानं खाल्ला जातो. चिकटवायचे संगमरवरी स्टिकरही नकोत, शेगडीशेजारी फुगतात.

तिसऱ्या हप्त्याची तारीख पत्रात नाही. बाँडवर बघा. वार्षिक हप्त्याला पुढे 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्यात ते दोन आकडे मागवून घ्या.