विचारा बिनधास्त : घरच्या रेकॉर्डिंगला कॉम्प्युटर कुठला घेऊ?

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करण्याबद्दल यावेळी एवढे प्रश्न आले की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेतोय. त्यातले चार निवडलेत. पहिल्याचं उत्तर मुद्दाम लांबवलंय, कारण बऱ्याच जणांचे प्रश्न त्यातच येऊन जातात.

प्रश्न : नमस्कार. कराडजवळच्या गावात आमचं छोटं भजनी मंडळ आहे. अभंग घरीच रेकॉर्ड करायचेत, वर्गणीतून पंचेचाळीस हजार जमलेत. कार्यक्रमाचे तीन माइक आहेत, बाकी काही नाही. दुकानदार म्हणतो ग्राफिक कार्डवाला गेमिंग लॅपटॉपच लागेल, वरचे पैसे हप्त्यावर द्या. दोन गाणारे, पेटी, पखवाज, टाळ असं सगळं एकत्र बसून घ्यायचंय. काय करावं?

उत्तर : नमस्कार माउली. आधी एक सांगतो, हप्त्यावर काही घेऊ नका, आणि तो लॅपटॉप तर अजिबात नको. ग्राफिक कार्ड गेमला लागतं, व्हिडिओ एडिटिंगला लागतं, आवाज रेकॉर्ड करायला त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट ते तापतं, तापलं की पंखा जोरात फिरायला लागतो, आणि तुम्ही त्याच खोलीत बसून गाणार म्हणजे अभंगातल्या प्रत्येक शांत जागी ती घरघर कायमची येऊन बसणार. नंतर सॉफ्टवेअरने काढता येते, पण काढताना गळ्यातलं बारीक काम पण थोडं जातंच.

रेकॉर्डिंगचा भार किती पडतो याचा हिशोबच करू या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक माइक सेकंदाला १,४४,००० बाइट लिहितो, मिनिटाला साधारण साडेआठ एमबी. चार माइक एकदम चालू ठेवले तरी सेकंदाला सहाशे केबीच्या आतच काम. जुनाट हार्ड डिस्क सुद्धा याच्या शंभरपट सहज लिहिते. खरा भार येतो नंतर मिक्सिंगला, रिव्हर्ब (मोठ्या सभागृहात गायल्यासारखी गुंज) वगैरे लावताना, आणि चार-सहा ट्रॅकला तोही फार नसतो. तेव्हा कॉम्प्युटरकडून तुम्हाला दोनच गोष्टी पाहिजेत, मध्येच अडखळायला नको आणि आवाज करायला नको.

यासाठी माझं मत ठाम आहे, ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून परत विकायला काढलेला डेस्कटॉप घ्या. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही मशिनं दिवसभर चालू राहायलाच बनवलेली असतात, आणि पुण्यात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधलं की मिळतात, कराड-साताऱ्यात पण चौकशी करा. फक्त इंटेलचं आठवं जनरेशन किंवा त्याच्या पुढचंच घ्यायचं, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्याच्या खाली चालत नाही. काही दुकानदार सहाव्या-सातव्यावर कसंतरी ११ टाकून "चालतंय की" म्हणून देतात, ते घेऊ नका, एखाद्या अपडेटला अडकलात तर निस्तरत बसाल. आय-फाइव्ह ८५०० हा प्रोसेसर मिळाला तर उत्तम, त्यात सहा कोर आहेत आणि तुमच्या कामाला ते भरपूर झाले. सोबत १६ जीबी रॅम आणि ५०० जीबीच्या आसपासची एसएसडी. अगदीच ताणाताण झाली तर आत्ता ८ जीबीवर सुरू करा, डेस्कटॉपला रॅम नंतर वाढवता येते, पण एसएसडी पहिल्या दिवसापासूनच पाहिजे, कारण ती आवाज करत नाही आणि हार्ड डिस्क फिरताना करते.

आकाराचं पण बघा. पुस्तकाएवढं छोटं मशीन दिसायला छान असतं पण त्याचा पंखा पण छोटा, जरा काम वाढलं की शिट्टी मारल्यासारखा वाजतो. त्यापेक्षा आडवा ठेवायचा मधला डबा येतो तो बघा, बरेचदा शांत असतो. दुकानात नुसतं चालू करून बघू नका, दहा-पंधरा मिनिटं एखादा व्हिडिओ लावून ठेवा, मागून किती गरम हवा येते ते हात लावून बघा, डब्याजवळ कान नेऊन ऐका. मागचे-पुढचे सगळे यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्ह लावून तपासा आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या. हे सगळं पंचेचाळीसच्या निम्म्यात किंवा त्याच्या थोडं खाली बसवायचा प्रयत्न करा, म्हणजे बाकीचा पैसा जिथून आवाज आत येतो तिथे लावता येईल.

आता ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटरच्या मधला डबा. इथे मात्र काटकसर करू नका. सगळ्यांना एकत्रच गायचंय, आणि ते बरोबरच आहे, भजनाची मजा एकमेकांकडे बघून गाण्यात आहे, तर दोन इनपुटचा डबा तुम्हाला पुरायचा नाही. "आत्ता दोनचा घेऊ, नंतर अजून एक जोडू" असं मनात आलं असेल तर विंडोजवर ते नीट जमत नाही, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एका वेळी एकच असिओ ड्रायव्हर (डबा आणि सॉफ्टवेअर यांना जोडणारा छोटा प्रोग्राम) धरतं आणि दोन वेगळे डबे एका ठेक्यात ठेवणं म्हणजे रोजची डोकेदुखी. त्यामुळे चार माइक लागणारा घ्या, बेहरिंजरचा यूएमसी४०४एचडी या कामाला योग्य आहे. त्याला स्वतःचा ॲडॅप्टर लागतो हे लक्षात ठेवा, जुना घेत असाल तर तो ॲडॅप्टर सोबत आहे ना बघून घ्या.

माइक तीन आहेतच, चौथा एक साधा चांगला डायनॅमिक घ्या. वाटणी अशी करा, दोघा गायकांना एक-एक, पेटीला एक, पखवाजाला एक. पखवाजाचा माइक दोन्ही बाजूंच्या मधोमध, वीतभर-दीड वीत लांबून, आणि कणीक लावलेल्या डाव्या बाजूकडे जरासा कललेला ठेवून बघा, नुसता शाईच्या तोंडाशी धरला तर टणटण येते आणि खालचा घुमारा हरवतो. टाळाला माइक द्यायचाच नाही, तो सगळ्यांच्या माइकमध्ये आपोआप येतो आणि भरपूर येतो. टाळकऱ्यांना चार-पाच हात मागे बसवा, जाड सतरंजीवर, आणि आधी त्यांना जोरात वाजवायला लावून लेव्हल सेट करा, कारण टाळाचा पहिला ठोका काटा लाल करतो आणि तिथे फाटलेला आवाज परत जोडता येत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करताय तर लेव्हल खालीच ठेवा, नंतर वाढवता येते.

कॉम्प्युटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, साधी यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंत चालते, तीन मीटरची घेतली तरी काम होतं. तुमचे कार्यक्रमाचे माइक बहुतेक कार्डिऑइड असणार, असा माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून माइकची पाठ मशीनकडे करायची. छताचा पंखा बंद. कान झाकणारा, वायरवाला हेडफोन निदान एक तरी घ्या. सॉफ्टवेअरला रीपर वापरा, हलकं आहे, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि नंतर घरगुती वापराचं लायसन ६० डॉलरला मिळतं. आणि डेस्कटॉप आहे तर छोटा यूपीएस घ्याच, लाइट गेली की अर्धा अभंग जायला नको.

प्रश्न : दादा, मी लातूरला बीएस्सीला आहे, रॅप लिहितो. लॅपटॉप जुना आहे, आय-थ्री, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क. बीट लावून गायला लागलो की माझा आवाज कानात उशिरा येतो, सगळा फ्लो तुटतो. ब्लूटूथ इअरबड वापरतो. नवीन लॅपटॉप घ्यायला घरचे पैसे देणार नाहीत, काय करू?

उत्तर : अरे, नवीन लॅपटॉप लागेल असं मला वाटतच नाही, आधी ते इअरबड काढ. ब्लूटूथमध्ये आवाज पॅक होऊन हवेतून जातो आणि कानात परत उलगडतो, त्यात बरेचदा शंभर-दोनशे मिलिसेकंद जातात. ९० च्या टेम्पोला एक मात्रा ६६७ मिलिसेकंदाची, तिचा चौथा भाग, ज्यावर तू शब्द बसवतोस, तो साधारण १६७ चा. म्हणजे तुझा आवाज जवळजवळ एक आख्खा शब्द मागे पडून कानात येतोय, कुणाचाही फ्लो तुटेल. साधा वायरचा हेडफोन लाव आणि आजच फरक बघ.

त्यानंतरची गोष्ट बफरची. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने न घेता छोट्या-छोट्या घासांनी घेतो, त्या घासाचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला १०२४ चा बफर म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे पावणेतीन. आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा असं दोनदा धर. गाताना १२८ किंवा २५६ ठेव, मिक्स करताना १०२४ कर, त्यावेळी उशीर कोण बघतंय. १२८ वर कटकट असा आवाज यायला लागला तर मशीनला तेवढं झेपत नाहीये असं समज, मग वायफाय बंद करून बघ, बरेचदा वायफायचा ड्रायव्हरच मध्ये मध्ये प्रोसेसरला अडवून धरतो. चार्जर लावून पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाक, ब्राउझरचे टॅब सगळे बंद कर.

पैसे टाकायचेच तर क्रम असा ठेव, आधी एसएसडी, मग रॅम ८ जीबी, मग दोन इनपुटचा इंटरफेस. बेहरिंजरचा यूएम२ सगळ्यात स्वस्त पडतो पण त्याला असिओ-फॉर-ऑल नावाचा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो आणि जुन्या लॅपटॉपवर तो कधी कधी रुसतो, त्यामुळे जमलं तर थोडं थांब, पैसे साठव आणि स्वतःचा असिओ ड्रायव्हर असलेला यूएमसी२०२एचडी किंवा सेकंड हँड स्कार्लेट सोलो बघ. या डब्यांवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते दाबलं की तुझा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ कानात येतो आणि उशिराचा प्रश्नच मिटतो, मग लॅपटॉप कितीही जुना असू दे. आणि लॅपटॉपची रॅम वाढवता येते का ते घेण्याआधी मागचं झाकण उघडून दुकानदाराकडून बघून घे, काही मॉडेलमध्ये ती बोर्डवरच चिकटवलेली असते.

प्रश्न : डोंबिवलीला जुन्या बिल्डिंगमध्ये राहते. लॅपटॉप, इंटरफेस, माइक सगळं आहे, पण रेकॉर्डिंगमध्ये सतत 'हूंऽऽ' असा आवाज येतो. मैत्रीण म्हणते इंटरफेस बदल. बदलू का?

उत्तर : ताई, बदलू नका, आधी दहा मिनिटं काढून शोध घ्या. काही न गाता रेकॉर्डिंग चालू करा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. हूं थांबला तर प्रश्न चार्जर आणि अर्थिंगचा आहे, रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर काम करा, तेवढं पुरतं. पुढे लॅपटॉप, स्पीकर, इंटरफेसचा ॲडॅप्टर असेल तर तो, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा, वेगवेगळ्या सॉकेटवर असलं की दोघांच्या अर्थिंगमधला फरक आवाजात उतरतो. चार्जर काढूनही हूं राहिला तर माइकची वायर बघा. कराओकेच्या माइकसोबत येते ती जाड पिनेची वायर असेल तर ती बदलून तीन पिनांची एक्सएलआर घ्या, ती बाहेरची गडबड बरीचशी स्वतःच कापते. मग पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि जुन्या ट्यूबलाइट एक-एक करून बंद करून बघा.

एक काम मात्र कुणी सांगितलं तरी करू नका, तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडू किंवा टेपने झाकू नका. आवाज जातो म्हणून लोक करतात, पण ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे आणि माइक तुमच्या तोंडाजवळ असतो. त्यापेक्षा इलेक्ट्रिशियन बोलावून घरचं अर्थिंग मोजून घ्या. जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच जोडलेली नसते असं होतं, आणि ते दुरुस्त करणं रेकॉर्डिंगपेक्षा गरजेचं आहे.

प्रश्न : सेकंड हँड मॅक मिनी एम१ मिळतोय, ८ जीबीचा. त्याच पैशात १६ जीबीचं विंडोज मशीन येतं. सतार आणि तानपुरा रेकॉर्ड करायचाय, जास्तीत जास्त तीन-चार ट्रॅक. काय घेऊ? — ठाणे

उत्तर : तुमच्या कामाला मॅक मिनी घ्या. सतारीच्या शेवटच्या मींडेची आस विरत जाते तिथे मशीनचा आवाज सगळ्यात जास्त बोचतो आणि एम१ मिनी इतका शांत चालतो की बाजूला ठेवला तरी माइकला जाणवत नाही. गॅरेजबँड फुकट येतं, वेगळ्या असिओ ड्रायव्हरची भानगड नाही. मात्र त्यातली रॅम पुढे कधीच वाढवता येत नाही, त्यामुळे उद्या मोठाले सॅम्पल (वाद्यांचे आधीच रेकॉर्ड केलेले आवाज) लावून पार्श्वसंगीत करायचा विचार असेल तर १६ जीबीचं विंडोजच बरं. मॉडेल २०२० चं आहे, तेव्हा पैसे देण्याआधी आधीच्या मालकाने स्वतःचा ॲपल आयडी काढून मशीन पूर्ण रिसेट करून दिलंय ना, हे तुमच्या समोर चालू करून बघा, नाहीतर ते लॉक झालेलं मशीन हातात राहील. डबा, बिल असेल तर मागून घ्या, आणि स्क्रीन-कीबोर्ड वेगळा घ्यावा लागतो ते पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.